मेव्हण्याचा धाकटा ब्लोअर

बेकर्सफील्डच्या तेलविहिरींवर पाइप जोडणारा डेल्बर्ट प्रूइट ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारा माणूस. विशीत घेतलेल्या पहिल्याच गाडीच्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा निघाला होता. खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून विकणाऱ्याने कोंबलेला. तेव्हापासून त्याचा कुणावर विश्वास म्हणून बसला नाही.

पाव मैलाच्या शर्यतींसाठी त्याने एक जुनी गाडी उभी केली. इंजिन बेताचंच होतं. आता त्यात जास्तीची हवा कोंबायला, इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा ब्लोअर हवा होता. तो तिथली मंडळी भंगारातल्या डिझेल ट्रकवरून काढत. डेल्बर्टच्या मेव्हण्याकडे, वेंडेलकडे, असे दोन होते: एक थोरला, एक धाकटा.

"दाजी, धाकटा न्या," वेंडेल म्हणाला. "थोरला फिरवता फिरवताच तुमच्या इंजिनाचा जीव जाईल."

डेल्बर्टच्या मनात पाल चुकचुकली. वेंडेलही त्याच गटात शर्यतीला उतरायचा.

"तुझा भाऊ माझ्या भल्याचं सांगेल?" घरी येऊन त्याने बायकोला विचारलं.

"फसवायचं असतं तर थोरलाच गळ्यात मारला असता ना!" लोरीन म्हणाली.

"मी उलटंच करणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे."

"मग उलटं करू नकोस."

"आता तूही त्याचंच बोल!"

त्याने थोरला आणला. वेंडेलने तो हसत हसत दिला, म्हणून पुन्हा संशय. डेल्बर्टने तो उघडला, आतली पाती हाताने फिरवली, कान लावला. कुठेच खोट सापडली नाही, तेव्हा तर तो जास्तच बेचैन झाला.

शर्यतीत हिरवा दिवा लागला आणि गाडी म्हशीसारखी जागची हलेना. निम्मी वाट सरल्यावर इंजिनाला जोर आला, तोवर वेंडेल रेषेपलीकडे पोचला होता.

डेल्बर्टने बॉनेट उघडून पट्टा चाचपला, पेट्रोल हुंगलं. "गाडीपाशी कोण आलं होतं?"

"मीच बसले होते सकाळपासून," लोरीन म्हणाली. "घे, माझ्यावरही आळ घे." आणि ती भावाच्या गाडीतून घरी निघून गेली.

एकट्याने परतताना डेल्बर्टला संशय घ्यायला कुणी उरलंच नाही. उरलं ते इंजिन. ते खरंच लहान होतं.

दुसऱ्या दिवशी तो वेंडेलच्या दारात उभा राहिला. "धाकटा दे."

वेंडेलने तो फळीवरून खाली उतरवला आणि बसवायलाही हात लावला.

पुढच्या शर्यतीत गाडी दिवा लागताच सुटली. डेल्बर्ट वीतभर पुढे राहून जिंकला. वेंडेल टाळी द्यायला आला, तर ह्याचे डोळे बारीक.

"मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललास ना?"

"नाही हो दाजी!"

"हो म्हणून टाक," लोरीन कंटाळून म्हणाली, "नाहीतर हा आठवडाभर माझं डोकं खाईल."

"बरं, उचलला," वेंडेल म्हणाला.

डेल्बर्टने त्याच्याकडे निरखून पाहिलं. गडी धडधडीत खोटं बोलत होता. मग कुठे डेल्बर्टला जिंकल्याचा आनंद झाला.