चहाच्या लग्नाचं निमंत्रण

मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका मीच लिहिणार, हे मी कुणी न सांगताच धरून चालले होते. दुसरं कोण लिहिणार? घाटकोपरच्या टेकडीवर आमच्या वस्तीत पाणी, रॉकेल, रेशन, बालवाडी, कशावरही पत्रक काढायचं झालं की शब्द माझे असत आणि अक्षर तिचं. मी सांगायची, ती स्टेन्सिलच्या मेणकागदावर लोखंडी लेखणीने कोरायची, मग त्यावरून प्रती निघत. चूक झाली की त्यावर लावायचं लाल पाणी ती आधी चुकीवर लावी आणि उरलेलं स्वतःच्या करंगळीच्या नखाला. अशी पाच वर्षं गेली होती. तिच्या हातातून माझी वाक्यं बाहेर पडताना बघायची मला इतकी सवय झाली होती की ते अक्षर माझंच आहे असं वाटायचं.

मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. वडील गिरणीत, युनियनमध्ये. त्यांच्या खिशातून रोज गुलाबी, पिवळे कागद निघत. पाठ कोरी असली तर त्यावर माझी गणितं. शेजारी व्रतांच्या पोथ्या वाचल्या जात, आमच्याकडे ‘कामगार बंधूंनो’. शाळेत असताना मी एकदा वडिलांना विचारलं, नुसते बंधू का? भगिनी कुठे गेल्या? त्यांनी पुढच्या पत्रकात ‘भगिनींनो’ घालायला लावलं. तेव्हापासून माझी पक्की समजूत, की योग्य शब्द कागदावर उतरला की माणसं हलतात.

तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्रांची चित्रं काढायचा. घर मुलुंडला, आई आणि तो. मूळचे नगरकडचे बौद्ध. ही मालवणकडची मराठा. तिच्या वडिलांनी ऐकलं आणि बोलणंच टाकलं. आई बोलायची, पण भांड्यांशी.

माझ्या दृष्टीने हे लग्न म्हणजे आम्ही पाच वर्षं जे छापत होतो ते खरं झालं होतं. मी सगळ्यांना तसंच सांगत होते. आतून मात्र मला तो माणूस सहन होत नव्हता. तो बुटका होता, मोठ्याने हसायचा, आणि आमच्या बायकांच्या बैठकीला पहिल्यांदा आला तेव्हा माझं पत्रक वाचून म्हणाला, “झकास! एका दमात वाचलं तर दम लागतो.” सगळ्याजणी हसल्या. तीसुद्धा. तिचं हसणं मी पाहिलं.

एका सोमवारी तिच्या चपलांना वाळू चिकटलेली दिसली. मनोरीच्या किनाऱ्यावर आम्ही दोघी जायचो, मार्व्याहून होडीने, वर्षातून दोनदा तरी. मी विचारलं, “काल कुठे होतीस गं?”

“मनोरीला.”

“सांगितलं नाहीस.”

“अगं, त्याच्याबरोबर गेले होते,” ती म्हणाली. जणू त्यात सगळं आलं.

त्या आठवड्यात रॉकेलचं पत्रक होतं. मी ते नेहमीपेक्षा लांब लिहिलं.

लग्न कसं करायचं ते दोघांनी ठरवलं होतं. सकाळी नोंदणी कचेरीत सह्या, संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये चहा आणि बटाटेवडे. ना भटजी, ना भन्तेजी, ना मांडव. वस्तीत त्याला ‘चहाचं लग्न’ नाव पडलं. तिच्या आईने भांडी घासता घासता विचारलं, “आता चाय पिऊन लगीन लागता काय गो?”

मी पत्रिका लिहायला बसले. मनापासून लिहिली. ‘हजारो वर्षांच्या जातिव्यवस्थेला मूठमाती देत, हुंडा, मानपान आणि कन्यादान या गुलामीच्या बेड्या तोडून, हा आंतरजातीय विवाह’ अशी ती सुरू होत होती. मध्ये महागाईही आली होती, कारण लग्नावरच्या उधळपट्टीचा विषय निघाला की ती येतेच. ‘आपले विनम्र’ म्हणून आईवडिलांची नावं असतात तिथे मी लिहिलं होतं, ‘निमंत्रक: आम्ही सर्व मैत्रिणी’. आईवडील रुसलेले, मग आम्हीच तिच्या माहेरच्या. हे मला फार सुंदर सुचलंय असं वाटत होतं.

घाटकोपर स्टेशनजवळच्या उडप्याकडे आम्ही तिघं भेटलो. सभेत उभं राहून वाचावी तशी मी ती बसल्याबसल्या मोठ्याने वाचली. शेवटची ओळ होती, ‘तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’

तो म्हणाला, “लेखिकाबाई, पोलिसांची परवानगी काढायची का?”

ती बशीत तोंड घालून हसली. चहा तिच्या नाकात गेला. तो तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागला, आणि मी त्या हाताकडे बघत राहिले.

“हसण्यासारखं काय आहे?” मी म्हणाले. “लग्न ही खाजगी गोष्ट नसते. तुम्हाला लपवायचंय का?”

मग तो हसायचा थांबला. “लपवायचं काय? माझी आई मुलुंडला दारोदार ही पत्रिका देणार. तिने काय देत फिरायचं, तुमचा पुरोगामीपणा? ‘आंतरजातीय’ वाचून तुमच्याकडचे तुमचं कौतुक करतील. आमच्याकडे शेजारी म्हणतील, पोराने वर हात मारला. आम्ही कोण ते आम्हाला ठाऊक आहे ना. वर छापायला कशाला पाहिजे?”

याविषयी बोलायचा हक्क त्याचा माझ्यापेक्षा मोठा होता, आणि मला नेमका तोच सलत होता. मी छापील कागदातून जे शिकले ते तो जन्मापासून अंगावर झेलत आला होता, आणि वर विनोद करत होता. एवढं सगळं एकाच माणसाला का मिळावं? लढाईही त्याची आणि मैत्रीणही त्याची.

“तू बोल,” मी तिला म्हणाले. “तुला ही पत्रिका आवडली की नाही?”

ती म्हणाली, “चांगली आहे गं. पण मला लग्न करायचंय, सभा नाही घ्यायची.”

त्याने खिशातून एक घडी काढली. ड्रॉइंगचा पारदर्शक कागद होता. “हे बघा, असं केलं तर?” म्हणत त्याने तो मधल्या ओल्या टेबलावर न ठेवता हातातच उघडून धरला.

कागदावर तिचं अक्षर होतं. काळ्या शाईत, सरळ ओळीत, घाई न करता काढलेलं. दोघांच्या नावाखाली लिहिलं होतं:

‘आम्ही लग्न करतो आहोत. सकाळी सह्या, संध्याकाळी चहा. चहाला या. वडे आहेत, भाषणं नाहीत, आहेर नको. खुर्च्या थोड्या आहेत, तेव्हा आळीपाळीने बसू.’

खाली हॉलचा पत्ता आणि वेळ. संपलं.

मी ते दोनदा वाचलं. त्याचे शब्द आणि तिचं अक्षर. पाच वर्षांत तिने माझ्याशिवाय कुणाचंही काही लिहून दिलं नव्हतं. लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं जितकं तो कागद बघून लागलं. ती त्याच्याबरोबर राहायला जाणार, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात चहा करणार, हे मी कसंबसं पचवलं होतं. पण तिचा हातही तो घेऊन चालला होता.

“भाषणं नाहीत हे माझ्यासाठी आहे का?” मी विचारलं.

“सगळ्यांसाठी आहे,” तो म्हणाला. ती खाली बघत बशी पुसत होती.

“छान आहे,” मी म्हणाले आणि माझा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

त्याने कारखान्यातल्या साहेबाला विचारून त्या कागदाच्या प्रती ड्रॉइंगच्या यंत्रावर काढल्या. यंत्राची चित्रं ज्या निळसर कागदावर निघतात त्यावर, अमोनियाची वाफ देऊन. त्यामुळे पत्रिकांना उग्र वास येई. वस्तीतल्या बायका पत्रिका हातात घेऊन नाक मुरडायच्या, मग वाचून हसायच्या, मग दुसरीला वाचून दाखवायच्या. मी नळावर उभी राहून हे बघत होते. एका म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने सुनेकडून ऐकलं आणि म्हणाली, “आळीपाळीन बसूचा? बरा आसा. माका आधी बसवा, माझे गुडघे गेलेत.” माझी रॉकेलची पत्रकं त्याच नळाशेजारी भिंतीवर होती. त्यांतलं एकही वाक्य कुणी तोंडाने म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिची आईही पत्रिका घेऊन बसली होती. “पत्रिकेर देवाचा नाव नाय म्हणजे काय?” ती मला म्हणाली, जणू मीच लिहिली होती. मी म्हणाले, “काकी, जावयाला विचारा.” त्या क्षणी मला तिच्या जावयाहून तिचा देव जास्त जवळचा वाटला.

लग्नाच्या सकाळी मी साक्षीदार होते. कारकुनाने विचारलं, “तुम्ही मुलीच्या कोण?” मी तोंड उघडायच्या आत नवरदेव म्हणाला, “सासू माझी.” कारकून हसला, तिने त्याचा कोट ओढला, “ए, गप ना रे!” मी सही केली. असला माणूस मला आवडला असता, जर तो दुसऱ्या कुणाशी लग्न करत असता.

संध्याकाळी हॉल भरला. खुर्च्या खरोखरच थोड्या होत्या. मला वाटलं होतं, आपली माणसं, एकदा बसली की उठायची नाहीत. पण पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी उठून हाक मारायचं, “चला, पाळी संपली!” आणि उभं असलेलं कुणी बसायचं. पोरं, बायका, मरोळचे कामगार, मुलुंडच्या त्याच्या आईच्या शेजारणी. तो एक खेळच झाला. ज्यांनी एकमेकांच्या हातचं पाणी घेतलं नसतं ती माणसं एकमेकांना जागा देत होती, आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

उशिरा तिचे वडील आले. येणार नाहीत असंच सगळे धरून होते. दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले, चहा नको म्हणाले. नवऱ्या मुलाच्या आईशेजारची खुर्ची रिकामी झाली. त्याच्या कारखान्यातला एक जण उठून सरळ त्यांच्याकडे गेला. “काका, चला, तुमची पाळी.”

“नाय, मी बरो आसंय हय.”

“असं नाही चालत काका. पत्रिकेत लिहिलंय.”

वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळा हॉल बघत होता. मग ते गेले आणि बसले. त्याच्या आईने स्वतःची बशी त्यांच्यापुढे केली. त्यांनी वडा उचलला. माझ्या मैत्रिणीने तोंड पदराने झाकून घेतलं.

मलाही रडू आलं, पण ते तिच्यासारखं नव्हतं. ‘जातिव्यवस्थेला मूठमाती’ मी आजवर किती पत्रकांत दिली होती! आणि एका वासाच्या कागदावरची एक ओळ, खुर्च्यांबद्दलची, ती त्या माणसाला भिंतीपासून उचलून खुर्चीपर्यंत घेऊन गेली. माझ्या एकाही पत्रकाचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. मी नवरदेवाकडे पाहिलं. तो वडे वाढत होता. त्याला त्याचं काही विशेष वाटतच नव्हतं, याचा मला जास्त राग आला.

लग्नानंतर ती येईल की नाही याची मला खात्री नव्हती. मी विचारलं नाही. पण पाण्याच्या वेळा बदलल्या, मोर्चा ठरला, आणि रविवारी ती मुलुंडहून लेखणी घेऊन हजर झाली. आम्ही माझ्या घरी जमिनीवर बसलो. मी सांगू लागले. दुसऱ्याच वाक्यात तिचा हात थांबला.

“हे तोडूया का? दोन वाक्यं करूया.”

पाच वर्षांत तिने असं कधी म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, “हे त्याने शिकवलं का?”

“कुणी?”

“तुझ्या नवऱ्याने. पत्रिका लिहिणाऱ्याने.”

तिने लेखणी खाली ठेवली. “पत्रिका त्याने नाही लिहिली. मी लिहिली.”

“कागद त्याच्या खिशात होता.”

“मग? तो त्याच्या कारखान्यातला कागद. शब्द माझे होते. तो म्हणाला, तुला काय म्हणायचंय ते लिही. मी लिहिलं.”

“खुर्च्यांचं पण?”

“खुर्च्या मोजायला मीच गेले होते ना हॉलवर.”

इतके दिवस मी एका चुकीच्या माणसावर जळत होते. मला वाटलं, आता ते जळणं विझेल. तसं झालं नाही. ते नुसतं त्याच्यावरून उठलं आणि तिच्यावर येऊन बसलं. नवऱ्याने मैत्रीण पळवली तर राग धरता येतो, चार जणींना सांगताही येतो. पण आपल्या शेजारी बसून आपली वाक्यं कोरणारी बाई आपल्यापेक्षा चांगलं लिहिते, हे कुणाला सांगायचं?

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“तू सांगत होतीस ना. मी लिहीत होते.” तिने हे कुरकुरीच्या सुरात म्हटलं नाही. “तोडू का मग?”

“तोड.”

तिने तोडलं. वाक्य चांगलं झालं. मी पुढचं सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच गप्प झाले, कारण ती लिहीत नव्हती. ती विचार करत होती. मी कधी नव्हे ते थांबले, लाल पाण्याची बाटली हातात धरून, ती काय म्हणते याची वाट बघत.