गोड्या पाण्याचं घर

घर भाड्यानं घेताना मी जन्मभर एकच प्रश्न विचारत आलोय : नळ किती दिवसांनी येतो? औरंगाबादचं संभाजीनगर झालं, प्रश्न तोच राहिला. अंदमानातल्या एका बेटावर आठवडाभरासाठी घर घ्यायचं ठरलं, तेव्हाही तोंडातून आधी तोच निघाला.

जायचं होतं बायकोच्या डोळ्यांसाठी. पडदा झिजलाय, चार-सहा महिने दिसेल तेवढं दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन तिनं एवढंच मागितलं, "समुद्र बघायचाय. धावतपळत नाय. पायरीवर बसून, चहा पीत, पोटभर." माहेर लासूर स्टेशनचं. तिनं बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण.

घरमालक सरळ माणूस. त्याची दोन घरं, भाडं सारखंच. फोनवर म्हणाला, "एक बिलकुल समुंदर के सामने है अंकल, पर नल का पानी थोड़ा खारा आता है. दूसरा सुपारी के बाग में. पानी मीठा, चौबीस घंटे."

चोवीस तास! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बागेतलं घर तिथल्या तिथं पक्कं केलं आणि बायकोला सांगितलं, समुद्र जवळच आहे.

"किती जवळ?"

"रिक्षानं दहा मिनिटं."

"तुम्ही समुद्र बघाया चाललाय का नळ?"

हा विनोद मी आठ दिवस गल्लीभर सांगत फिरलो.

बोटीत तिला असं लागलं, की तिनं सगळा प्रवास पिशवीत तोंड घालून केला. उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. रिक्षा किनाऱ्याच्या रस्त्याला लागली, तशी ती डोकं टेकूनच म्हणाली, "थांबवा ना हो जरा."

"आधी घर गाठू. पाणी येतंय का ते बघू. समुद्र काय पळून चाललाय?"

घरी नळ सोडला तर धो धो. मी दोन बादल्या, तीन पातेली आणि कुकर भरून वर ताटं झाकून ठेवली. चोवीस तास पाणी असलेल्या घरात!

पहाटे वादळ उठलं. पाच दिवस पाऊस थांबला नाही, किनाऱ्यावर जायला बंदी, रिक्षा कुणी काढेना. ती रोज पायरीवर चहा घेऊन बसायची. समोर सुपारीची झाडं.

"अहो, हा आवाज समुद्राचा हाय का?"

"व्हय," मी म्हणालो. टाकी भरून वाहत होती.

निघायच्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. किनारा गाठला तर आभाळ आणि पाणी एकाच राखाडी रंगाचं. तिनं कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं.

"ह्यो सुरू कुठून होतो?"

मी तिचं बोट धरून दाखवलं. "तिथून."

"दिसला," ती म्हणाली आणि पदर सारखा केला. खोटं बोलली की ती पदर सारखा करते. लग्नापासून.

आता तिला उजेड तेवढा कळतो. नळाच्या दिवशी मी पिंपं भरतो, ती आमच्या पायरीवर चहा घेऊन बसते आणि कुठलं भांडं भरत आलं ते नुसत्या आवाजावरून सांगते. परवा मधेच म्हणाली, "त्या पहिल्या दिवशी रिक्षात समुद्र तुमच्या बाजूनं होता. ऊनपण होतं. कसा होता हो?"

सांगायला हवं होतं. पण त्या वेळी रिक्षातून मी समोरच्या छपरांवर पाण्याची काळी टाकी शोधत होतो.

"निळा होता," मी म्हणालो. "लई निळा."

हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी नळाखालची बादली काढून दुसरी लावली.

"ती भरली नव्हती अजून," ती म्हणाली.