पडदेवालीचं तोंड

पडदे शिवणारी एक बाई होती. टाका बारीक, शिवण सरळ, पण तोंड म्हणजे उघडा नळ. तिचा धाकटा भाऊ, सगळे त्याला बारक्या म्हणत, घरं रंगवायचा आणि गर्दच्या पुडीच्या नादाला लागला होता. ताईनं समजावलं, रडून पाहिलं, शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

मग बारक्यानंच तिला फोनवरच्या एका ग्रुपात घेतलं. तिथे सगळे नशा करणारे आणि त्यांची माणसं. एक नर्सबाई तो ग्रुप सांभाळायची. तिथली रीत अशी, की घ्यायचीच असेल तर एकट्यानं घ्यायची नाही, कुणाला तरी फोनवर धरून ठेवायचं. आवाज थांबला, की जवळ राहणारा सभासद नाकात मारायचा फवारा घेऊन धावणार. अडकलेला श्वास त्यानं परत येतो. आणि उपदेश बंद! नर्सबाई म्हणायची, "सोड म्हणणारे गल्लोगल्ली मिळतात, सोबतीला बसणारा मिळत नाही."

बारक्यानं बजावलं, "ताई, उपदेशाचा एक शब्द काढलास तर फोन ठेवीन आणि एकटाच घेईन."

बाईनं कबूल केलं. पण जन्माची खोड जाते कुठे? शेवटी तिला फोनवरचं एक बटण सापडलं. ते दाबलं की आपला आवाज पलीकडे जात नाही, त्याचा मात्र येतो. उपदेश दाटून आला की बाई बटण दाबायची, पोटभर बडबडायची, परत दाबून गोड आवाजात म्हणायची, "हं, बोल रे."

एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, बसतोय गं. आहेस ना?"

बाईनं बटण दाबलं आणि सुटली. आईचं दूध काढलं, बापाचे कष्ट काढले, मोडलेली सोयरीकसुद्धा सोडली नाही.

"ताई? ऐकतेस ना?"

"आहे की!" बाई म्हणाली. बटण तसंच.

"ताई! अगं, बोल काहीतरी!"

"बहिरा झालास काय रे मेल्या?" इकडे भिंती हादरल्या, तिकडे शुकशुकाट.

ताईला रक्तदाबाचा त्रास. बारक्याच्या मनात नाही नाही ते आलं. त्यानं ग्रुपवर हाक दिली. तिच्या खालच्या मजल्यावरचा बेकरीवाला ग्रुपातलाच. तो पिठानं माखलेला तसाच वर धावला, दार ढकलून आत शिरला आणि फवारा थेट बाईच्या नाकाशी नेला.

"अरे, हो बाजूला! मी काय पुड्या घेते?"

"मला काय ठाऊक? आवाज बंद म्हणाले, मी पळालो!"

तेवढ्यात धापा टाकत बारक्या आला, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. ताईला धडधाकट उभी बघून तो मटकन खाली बसला. "मला वाटलं, गेलीस तू."

"घेतलीस का?"

"घेऊ दिलीस कुठे?"

बेकरीवाला खो खो हसला. बाईही हसली. बारक्या मात्र उठला. खाली बघत तो म्हणाला, "आता जाऊन घेणार मी. राहवत नाही गं."

बाईच्या जिभेवर सगळं गोळा झालं. बेकरीवाल्यानं श्वास रोखला. बाईनं ते सगळं गिळलं.

"बरं. कडी लावू नकोस. आणि पोचलास की फोन लाव."

"रागावली नाहीस?"

"रागावलेय तर! फोन लाव."