तांड्यातल्या गुरांचं रक्त

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी घेऊन पुढचं शिकत होते, आणि माझा विषय होता गुरांची आनुवंशिकता. कॉलेज आमच्या भागातलं नव्हतं. रेल्वेने जायचं तर सगळा दिवस मोडायचा. गाईच्या रक्तातून डीएनए काढायचा आणि तिची जात किती शुद्ध उरली, किती मिसळली ते बघायचं, हे तंत्र तिथं नवं आलेलं होतं. कँटीनमध्ये, व्हरांड्यात, जिथंतिथं तेच बोलणं. माझ्या मार्गदर्शक सरांना आमच्या मराठवाड्यातल्या लाल कंधारी गुरांवरचा एक मोठा प्रकल्प मिळाला आणि त्यांनी मला त्यात घेतलं. मला वाटलं, माझे मार्क बघून घेतलं. तसं नव्हतं. मी हिंगोलीकडच्या कुरुंद्याची, म्हणून घेतलं.

"तिकडच्या लोकांशी तू बोलायचं," ते म्हणाले. "मला ती भाषा ऐकवत नाही."

माझ्या आईची भाषा ती. मी मान हलवली. पण सरांबद्दल मला पहिल्यांदा शिसारी आली ती तिथंच, हे आज सांगता येतं.

जीपने आम्ही सेनगावच्या पुढं एका तांड्यावर गेलो. आजूबाजूला सोयाबीन काढून झालेलं होतं, रानं मोकळी होती. शुद्ध लाल गुरं कुणाकडं आहेत म्हणून विचारलं की जो तो एकाच बाईचं घर दाखवायचा. पन्नाशीची असेल ती. नवरा वारलेला, लेक पुण्याकडं कामाला. तिच्या घराण्यात पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून गावोगाव न्यायचा धंदा होता, तो कधीच बुडाला. पण गुरांचा कळप तिनं मोडला नव्हता. आणि तिचा वळू. तसा वळू मी नंतरही क्वचितच पाहिला. गडद लाल रंग, रुंद कपाळ, डोळ्यांभोवती काळी कड. ती हाक मारायची तेव्हा तो कुत्र्यासारखा चालत यायचा आणि तिच्या पदराला नाक लावून उभा राहायचा.

"घ्या की रगत," ती म्हणाली. "पर आधी माजं एक काम करा. हिकडं या."

गोठ्यात आदल्या दिवशी जन्मलेलं वासरू पडलं होतं. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, मान टाकलेली. मी शेपटी उचलून बघितली. शेण पडायची जागाच नव्हती. नुसती सपाट कातडी.

"असंच व्हऊन राहिलं," ती म्हणाली. "गेल्या साली बी असंच. पिवळ्या शिंगाच्या गाईचं तसंच गेलं, तिच्या कालवडीचं बी तसंच. तांड्यातले म्हणतात करणी हाय. काहून होतं बाई असं?"

कशामुळं होतं ते मला तिथंच कळलं होतं. कळप लहान, वळू एकच, आणि तो वर्षानुवर्षं आपल्याच लेकींना आणि नातींना लागत होता. असं झालं की दबलेले दोष वर येतात. हा पुस्तकातला पहिला धडा आहे, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मी तिला म्हटलं, "मावशी, करणी बिरणी काई न्हाई. वळू चांगला हाय, पर त्याच्याच लेकी त्याला लावू नका. वळू बदला."

सर मागं उभे होते. नाकाला रुमाल. त्यांनी मला इंग्रजीत गप्प राहायला सांगितलं आणि मग तिच्याकडं वळून, मुलांशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "ही अजून शिकतेय. असं अंदाजानं सांगायचं नसतं. आम्ही रक्त तपासू, मशीनवर लावू, मग कळवू. तोवर हा वळू हलवायचा नाही. विकायचा नाही, बदलायचा नाही. समजलं?"

"व्हय सायेब," ती म्हणाली.

ते खोटं होतं. आमच्या तपासणीतून वासराचा आजार कळणार नव्हता. आम्ही फक्त जातीची शुद्धता मोजणार होतो. वळू हलवू नको म्हणाले, कारण त्यांना पुढच्या हंगामात त्याचं पुन्हा रक्त आणि नीट फोटो हवे होते. हे त्यांनीच मला जीपमध्ये सांगितलं, अगदी सहज, जणू काही हुशारीच केली.

पण ते नंतर. तिथं गोठ्यात वासरू कण्हत होतं. मी सरांना म्हटलं, मी चीर देते. ते म्हणाले, "डब्यातला बर्फ वितळतोय. आपण रक्तासाठी आलोय." मी ऐकलं नाही. मावशीनं पाणी तापवलं, वासराचे मागचे पाय धरले. मी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, जागा चाचपली आणि चीर घेतली. आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं, काळपट, चिकट, माझ्या हातांवर, ओढणीवर, गालावर. वास असा की डोळ्यात पाणी आलं. मावशी मात्र हसली. वासरानं मोठा श्वास घेतला. मी कडेला टाके घालत होते तेव्हा मागून कॅमेऱ्याचा आवाज आला. सरांना रुमाल बाजूला करायला वेळ नव्हता, पण फोटो काढायला होता. "व्याख्यानात चालेल," ते म्हणाले.

मग आम्ही रक्त घेतलं. एकेका गाईच्या मानेची शीर दाबून नळ्या भरल्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवल्या. मावशी प्रत्येक गाईच्या कपाळावर हात ठेवून उभी राहायची. निघताना तिनं आम्हाला ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला. सरांनी ती शिदोरी सेनगावच्या अलीकडं जीपमधून खाली टाकून दिली, मी बघत असताना. "यांचे हात बघितलेस?" ते म्हणाले. माझ्या हातांना अजून त्या वासराच्या घाणीचा वास होता.

ते वासरू आठवडाभर जगलं असं मला नंतर कळलं.

रक्त कॉलेजात पोचलं, फ्रीजरमध्ये गेलं. मी काही नळ्यांवर काम सुरू केलं आणि दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत तिथली वीज गेली, ती बरेच दिवस आलीच नाही. जनरेटर होता, त्याचं डिझेल सरांच्या गाडीत गेलं होतं, असं शिपाई म्हणाला. मी परत आले आणि फ्रीजरचं दार उघडलं, तो आतून जो भपकारा आला त्यानं मी मागं सरकले. बर्फ वितळून खाली साचला होता, त्यात नळ्या तरंगत होत्या. काहींची बुचं उडालेली. लाल रक्त हिरवट-काळं होऊन भिंतींना चिकटलं होतं, वर बुरशीचा पांढरा थर. मी तोंडाला फडकं बांधून सगळं स्वतः धुतलं. मधेच बाहेर जाऊन ओकून आले आणि परत धुवायला बसले. धुताना एकेका नळीवरचा आकडा दिसायचा आणि ती ती गाय आठवायची. जे थोडं वाचल्यासारखं वाटलं त्यातून डीएनए काढून बघितला. त्याचे तुकडे तुकडे झाले होते.

सरांना सांगितलं. म्हटलं, परत जाऊन रक्त आणू, मावशी नाही म्हणणार नाही.

"मार्चअखेर अहवाल द्यायचाय," ते म्हणाले. "आपल्या कॉलेजच्या गोठ्यातल्या गाईंचा डीएनए पडलेला आहे ना? त्याच नळ्यांवर हे आकडे घाल."

"सर, त्या लाल सिंधी आहेत, जातच वेगळी."

"लाल त्या लाल," ते म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर थोडे हसले.

मला वाटलं होतं अशी वेळ आली की माणसाचं डोकं भडकतं. तसं काही झालं नाही. नुसता फ्रीजरमधला तो भपकारा पुन्हा नाकात आला. ते समोर बसून चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडलं, ते त्यांनी बोटानं काढून खाल्लं.

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "तू फार भावनेनं घेतेस," ते म्हणाले. "मुलींचं हेच होतं." मी विभागप्रमुखांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंखा वाढवला आणि म्हणाले, "घरातली गोष्ट घरात ठेवावी. तुझा विषय बदलून देतो." तसा तो बदलून मिळाला: शेळ्यांचा चारा. माझं वर्ष वाया गेलं. माझ्या जागी दुसरा विद्यार्थी आला, त्यानं सरांनी सांगितलं तसं केलं असणार, कारण अहवाल वेळेवर गेला.

त्या उन्हाळ्यात घरी आले तेव्हा मी वडिलांना सांगून सेनगावच्या एसटीत बसले आणि पुढं काळीपिवळी जीपनं तांड्यावर गेले. मावशीनं मला लांबूनच ओळखलं. पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "मशीन काय म्हणलं?"

मी तिला सगळं सांगितलं. रक्त सडलं, काही निघालं नाही, आणि सडलं नसतं तरी तिच्या वासरांचं त्यातून काही कळणार नव्हतं. मधल्या काळात आणखी वासरं तशीच गेली होती. तांड्यातल्या एकानं वळू बदलून घ्यायला विचारलं होतं, तिनं त्याला नाही म्हटलं होतं. साहेबांनी सांगितलं होतं ना, हलवू नको म्हणून.

तिनं वळूकडं बघितलं. मग म्हणाली, "तू म्हणली व्हतीस तवाच. मी तुजं ऐकलं न्हाई, मोठ्या मानसाचं ऐकलं." आणि अंगणात बाजूला तोंड करून थुंकली. "भाकर खाल्ली का त्यानं माजी?"

खाल्ली, असं सांगायचं माझ्या मनात आलं. पण तिच्याशी आणखी एक खोटं बोलायला जीभ वळेना. "न्हाई मावशी," मी म्हटलं. "टाकून दिली."

"बराबर हाय," ती एवढंच म्हणाली.

सेनगावच्या बाजारात गुरांचा व्यवहार करणारा एक वयस्कर मुसलमान व्यापारी होता. तिच्या नवऱ्याच्या वेळेपासून त्याचं येणंजाणं. तिनं त्याला निरोप धाडला, दोन दिवसांनी तो आला आणि मी तोवर तिच्याकडंच राहिले. त्यानं वळूच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले.

"भाभी, याला कापायला न्हाई देत, फिकीर करू नका," तो म्हणाला. "हट्टा गावाला एकाकडं असाच लाल कळप हाय, त्याची बी हीच तकलीफ. त्याचा इकडं आणतो, तुमचा तिकडं सोडतो. बदला करू, पैशाचं नावच नको."

वळूला गाडीत चढवायच्या दिवशी ती घरात जाऊन बसली. वळू चढेना. चार माणसं ओढत होती, तो मागं वळून दाराकडं बघायचा. शेवटी तिलाच बाहेर यावं लागलं. ती स्वतः फळीवरून वर गेली, तो तिच्या मागोमाग चढला, आणि ती दुसऱ्या बाजूनं उतरून कुणाकडं न बघता आत निघून गेली. हट्ट्याचा वळू आला तो थोडा बुटका, जरा रागीट. त्याची वासरं धड निपजली. ते तिनं मला पुढं कधीतरी बाजारात भेटून सांगितलं, पण कौतुकानं नाही. "हाक मारली तर येत न्हाई," ती म्हणाली.

पुढं मला जिल्ह्यातच सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. काही वर्षांनी देशी गोवंशावरच्या एका परिषदेला खात्यानं मला पाठवलं. मोठं सभागृह, थंड हवा. सर मंचावर होते. केस सगळे पांढरे झालेले, गळ्यात हार. पडद्यावर रंगीत आलेख येत होते आणि ते सांगत होते की मराठवाड्यातल्या या जातीचा डीएनए त्यांनी कसा पहिल्यांदा वाचला. मग एक फोटो आला. मावशीचा वळू. खाली लिहिलेलं, शुद्ध लाल कंधारी वळू, हिंगोली जिल्हा. कडेला तिचा हात दिसत होता, कोपरापर्यंत. बाकीची ती कापून टाकलेली.

त्याच्या पुढच्या चित्रात मी होते. पाठमोरी, वासरावर वाकलेली, ओढणी घाणीनं भरलेली. "क्षेत्रकार्यातल्या अडचणी," सर म्हणाले, आणि लोक हसले.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. माईक माझ्यापर्यंत आला. मी विचारलं, "सर, हे आकडे ज्या रक्तावरून काढले, ते कुठल्या गाईंचं होतं? तांड्यावरचं रक्त तर फ्रीजरमध्ये सडलं होतं. ते मी धुतलंय."

सभागृहात थोडी कुजबुज झाली. सरांनी मला ओळखलं. त्यांचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. "ही माझीच विद्यार्थिनी," ते सगळ्यांना म्हणाले. "फार कष्टाळू मुलगी. चांगला प्रश्न आहे, यावर आपण सविस्तर बोलू." अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. टाळ्या वाजल्या.

मी त्यांना जेवणाच्या मांडवात गाठलं. मला सविस्तर बोलायचं होतं. ते ताट घेऊन रांगेत होते, ओठांच्या कडेला तेल. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तेव्हा त्यांच्या डोळ्यांत नीट बघितलं आणि मला कळलं की हा माणूस काही लपवत नाहीये. त्याला आठवतच नव्हतं. फ्रीजर नाही, लाल सिंधी नाही, मी सोडून गेले ते नाही. त्याच्या मनात ते सगळं केव्हाच खरं होऊन बसलं होतं.

"जेवलीस का?" ते मायेनं म्हणाले. "गुलाबजाम घे, छान झालेत."

त्यांचा हात अजून माझ्या पाठीवर होता. मी बाजूला झाले, बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं, आणि मिळेल त्या गाडीनं घरी निघाले. नंतर मी खात्याकडं लेखी तक्रार दिली. तिची पोच मिळाली, उत्तर आलं नाही.