मेश्रामांनी बसवलेले ब्रेक

मेश्राम कोणाच्याही घरी जेवायला आले तरी आधी दारातल्या गाडीपाशी वाकायचे. मोबाइलचा दिवा लावून चाकाच्या फटींतून आतली ब्रेकची तबकडी, म्हणजे रोटर, बघायचे आणि मग बेल वाजवायचे. दार उघडणाऱ्याला नमस्काराआधी निकाल ऐकावा लागे. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मला म्हणाले, "कुलकर्णीसाहेब, हे रोटर आहेत का पापड? यात वहिनींना बसवून राहिले तुम्ही?"

ते नागपूरचे. इथल्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात होते. गोळ्यांच्या बॅचेस पास-नापास करायचं त्यांचं काम, आणि ती सवय काही ते ऑफिसात ठेवून येत नसत. माझ्या बायकोने, सुधाने, आमटी कशी झाली विचारलं की चमचा खाली ठेवून गंभीरपणे म्हणायचे, "पास." याहून मोठं कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

गाड्यांचा नाद त्यांना अमेरिकेतच लागला. एम.एस.ला आलेली पुण्या-मुंबईची मुलं जुन्या गाड्या घेऊन शनिवारी त्यांच्या गॅरेजपुढे उभी असायची. मेश्राम ब्रेक बदलून द्यायचे, पण त्यांची एक अट असे. "एक चाक माझं, दुसरं तुझं. नुसतं उभं राहून पाहाचं असेल तर टीव्ही पाह्य नं घरी." मग मुलं हात काळे करत आणि मेश्रामकाकूंच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊनच परत जात. मेश्राम बौद्ध होते. आमच्या मराठी मंडळात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. न बोलण्याचाही एक आवाज असतो, तो मला तेव्हा ऐकू येत नव्हता.

एका वर्षी एप्रिलमध्ये हायवेवर ब्रेक दाबला की माझ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरू लागलं. सुधाने गाडीत बसणं सोडलं. एका शनिवारी मेश्राम नवे रोटर, पॅड आणि हत्यारांची पेटी घेऊन आले. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता, म्हणून काम गॅरेजमधल्या सपाट फरशीवर केलं. पहिलं चाक त्यांनी केलं. गंजून चिकटलेला जुना रोटर हातोडीने ठोकून सोडवला. नव्यावरचा तेलाचा थर पुसून काढला. दुसरं चाक त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. शेवटी सगळे बोल्ट स्वतः तपासले आणि म्हणाले, "पास. पण गाडी हलवू नका. आधी पेडल चार-सहा वेळा दाबाचं, कडक होईस्तोवर. मी हात धुऊन येतो."

नवे पॅड बसवताना ब्रेकचा पिस्टन मागे ढकललेला असतो. पेडल दाबून तो पुन्हा पुढे आणल्याशिवाय ब्रेक लागत नाहीत. हे त्यांनी मला काम करतानाही समजावलं होतं. पण सुधा व्हरांड्यात आली होती, आणि एक चाक स्वतः बदललेला माणूस तिला गाडी चालवून दाखवायला उतावीळ झाला होता. मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली. उतारावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला. गाडी रस्ता ओलांडून समोरच्यांच्या मेलबॉक्सवर आदळली. त्यांची धाकटी मुलगी नुकतीच तिथून सायकल घेऊन आत गेली होती.

सुधा धावत आली. "काय झालं? ब्रेक लागले नाहीत?"

"कसे लागतील!" मी म्हणालो. "मेश्रामांनी काय करून ठेवलंय कोण जाणे!"

मेश्राम गॅरेजच्या दारात टॉवेलने हात पुसत उभे होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबले. मग गाडीत बसले, पेडल दाबून कडक केलं, गाडी परत आणून लावली. "वहिनी, गाडी आता ठीक आहे," एवढंच बोलले आणि पेटी उचलून गेले. चहा घेतला नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. एक जुना मित्र बटाटेवड्याची प्लेट हातात घेऊन मोठ्याने म्हणाला, "कोट्यातून आलेल्या माणसाच्या हातात ब्रेक दिलेस? कमाल आहे यार तुझी!" चार-पाच जण हसले. मीही हसलो. माझं खोटं एकानेही तपासलं नव्हतं, आणि ते माझ्या शब्दावर नव्हे, मेश्रामांच्या आडनावावर खपत होतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, तरी मी हसत राहिलो. काही दिवसांनी एका विद्यार्थ्याचा फोन आला. "काका, मेश्रामकाकांकडे ब्रेक करून घेऊ ना? सगळे नको म्हणतायत." मी म्हणालो, "दुकानातच जा बाबा." हळूहळू त्यांच्या गॅरेजपुढे शनिवारी गाड्या दिसेनाशा झाल्या.

निवृत्तीनंतर मेश्राम मुलीकडे फ्रीमाँटला निघाले. खोकी भरत होते तेव्हा मी गेलो आणि सगळं कबूल केलं. ते टेपने खोकं बंद करत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो मी. आता मला कायले सांगता? मला तर माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा नं." मी हो म्हणालो. आणि सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात ते गेले. सांत्वनासाठी फोन केला तर त्यांची मुलगी सुजाता म्हणाली, "बाबांनी नंतर कधी टूल्सना हातच लावला नाही, काका. तुमच्या गाडीला त्यांची मिस्टेक झाली होती ना, मला मंडळातल्या मैत्रिणीकडून कळलं होतं. मी त्यांना कधी विचारलं नाही. म्हटलं, त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने विचारलं, "बाकीच्यांना माहीत आहे हे?"

"नाही," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला. मी सुधाला हाक मारली आणि आधी तिला सांगितलं. आता मंडळाच्या मासिकाच्या या अंकात सर्वांना सांगतो. मेश्रामांनी माझ्या गाडीचे ब्रेक नीट बसवले होते. ती गाडी विकेपर्यंत मी तेच ब्रेक वापरले. त्यांनी हलवू नका म्हटलेली गाडी मी हलवली, आणि दोष त्यांच्यावर ढकलला. तुम्ही जे ऐकलंत ते खोटं होतं, आणि ते मी बोललो होतो.