पत्ता पानठेल्यावर

माझं एक्सएमएल फाईलीतलं पुस्तक घरच्या विंडोजवर डरकाळी फोडत उघडायचं. छापखान्याच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर डोळाही उघडेना. संध्याकाळपर्यंत उघडलं नाही, तर छपाई थेट दिवाळीनंतर. मी असा ओरडलो, की उमरेडच्या बसगाड्या जागीच थांबल्या असतील.

लग्नपत्रिका छापायला आलेला एक अनोळखी माणूस मांडीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत स्क्रीनमध्ये डोकावला.

“भाऊ, फाईलीत जिथंतिथं तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता काहून कोंबला गा? इथल्या मशीनले तो कसा सापडंन? जोडलेल्या फाईलीचं नुसतं नाव लिहा. ते कुठं राहते, हे ज्या-त्या मशीनचा कॅटलॉग सांगंन, चौकातल्या पानठेल्यावानी!”

एका हातानं त्यानं दहा ओळींचा कॅटलॉग लिहिला, दुसरा खर्ऱ्यावरच. पुस्तक उघडलं, आणि नाव न सांगताच तो गेला.

पहिली प्रत त्याला द्यायची म्हणून मी चौकातल्या पानठेल्यावर गेलो. माझं तोंड उघडायच्या आत ठेलेवाला म्हणाला, “एका हातानं खर्रा घोटते, तोच ना?”