कोरड्या दिवसाचा चौदा मिलिमीटर पाऊस

हवामान कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत ती एकोणीस वर्षं बसत होती. बासष्ट केंद्रांवरून रोज सकाळी एकेक ओळ यायची: केंद्राचा क्रमांक, कमाल तापमान, किमान तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा, मधे स्वल्पविराम. ती ओळ फोडून आकडे आपापल्या रकान्यांत बसवणारा सी भाषेतला प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता, नोकरीला लागली त्या वर्षी. तो बिनबोभाट चालायचा. त्यामुळे बाई खोलीत आहेत की नाहीत, याचीही कुणाला फिकीर नसायची.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना पुसून, भरवून, कूस बदलून ती निघायची, तेव्हा दिवस सुरू व्हायच्या आधीच अंगातलं त्राण गेलेलं असायचं. त्या मंगळवारीही ती तशीच टेबलावर कोपरं टेकून बसली होती, आणि फोन वाजला.

"बाई, मी टेकडीवरच्या केंद्रातून बोलतोय. साहेबांचं तिसरं पत्र आलंय. कोरड्या दिवशी मी चौदा मिलिमीटर पाऊस कळवला म्हणे. माझ्या वहीत शून्य आहे हो. तुम्ही जरा बघाल का?"

टेकडीवरचा निरीक्षक म्हणजे ऑफिसातला हसण्याचा विषय. घरबसल्या पाऊस पाडतो म्हणून सगळे त्याला ढगोबा म्हणायचे. तीही एक-दोनदा हसली होती.

"त्या दिवशीची ओळ वाचून दाखवा," ती म्हणाली.

"कमाल तीस, किमान अठरा, मग रिकामं, पाऊस शून्य, वारा चौदा."

"रिकामं का?"

"आर्द्रतेचं यंत्र बंद होतं, बाई. जे पाहिलंच नाही ते लिहू कसं?"

तिने ती ओळ कागदावर उतरवली. ओळीचे तुकडे करायला तिने सीमधलं तयार फंक्शन वापरलं होतं, स्ट्रटोक. दोन स्वल्पविराम लागून आले की ते दोन्ही मिळून एकच धरतं. मधली रिकामी जागा त्याच्या लेखी नसतेच. म्हणून पावसाचं शून्य आर्द्रतेत जाऊन बसलं आणि वाऱ्याचे चौदा पावसात. बाकीची केंद्रं यंत्र बंद पडलं की कालचाच आकडा ठोकून द्यायची. त्यांचं कधी काही बिघडलं नाही. खरं वागणारा एकटा हा, आणि पत्रं त्यालाच.

"चूक तुमची नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

साहेबांनी फाइलमधून डोकं वर न काढता ऐकलं. "त्याला म्हणावं, रिकामं सोडू नकोस, शून्य टाक. चालत्या गाडीला खीळ कशाला?"

"हवेतली आर्द्रता शून्य कधी असते का, साहेब?"

"मग करा काय ते. पण पत्रं मागे घेणं अवघड आहे, वरपर्यंत गेलीत ती."

"चूक माझी होती असं मी लिहून देते."

आता त्यांनी चष्मा काढला. "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची. कशाला?"

"तेवढी वर्षं हे पोटात घेऊन कोण बसणार?" ती म्हणाली. त्यात बाणेदारपणा वगैरे काही नव्हता. ती फक्त दमली होती.

दोन दिवसांत तिने स्ट्रटोक काढून टाकलं आणि स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं. एकेक अक्षर तपासायचं, स्वल्पविराम दिसला की तुकडा तोडायचा, आत काही नसलं तरी तो तुकडा मोजायचा. टेकडीची ओळ घालून पाहिली. पाऊस शून्य, वारा चौदा, आर्द्रता कोरी. बरोबर.

मागचं दुरुस्त करणं बाकी होतं. स्ट्रटोक तुकडे करताना मूळ ओळीचीच चिरफाड करतं, आणि तिने ओळींची प्रत कधी ठेवली नव्हती. तिने टेकडीला फोन लावला.

"जुन्या वह्या आहेत का हो?"

"चार वर्षांच्या आहेत. पण..." तो अडखळला. "दुसरं पत्र आलं ना दोन वर्षांपूर्वी, तेव्हापासून मी रिकामं सोडायचं बंद केलं होतं. घाबरलो. शेजारच्या केंद्राला विचारून आकडा भरायचो. या खेपेला मात्र मन धजेना, म्हणून सोडलं."

"त्यातले भरलेले कुठले, ते सांगता येईल?"

"नाही, बाई. आता मलासुद्धा ते ओळखता येणार नाहीत."

तिने रिसीव्हर ठेवला. चांगल्या माणसाला खोटं लिहायची सवय आपण लावली, हे तिला कोणत्याही फंक्शनने पुसता येणार नव्हतं.

सात आठवड्यांनी तिन्ही पत्रं एका ओळीच्या आदेशाने रद्द झाली. तिच्या फाइलमध्ये ताकीद लागली. साहेब तेव्हापासून जिन्यात भेटले की घड्याळ बघत पुढे जातात. टेकडीवरून पहिल्या दोन वर्षांच्या, खऱ्या आकड्यांच्या वह्या पोस्टाने आल्या आहेत. अक्षर बारीक, शाई फिकी, आणि तिच्या चष्म्याचा नंबर वाढलेला. रोज जेवणानंतर ती पंधरा दिवसांचे आकडे संगणकात भरते, मग डोळे मिटून पाच मिनिटं बसते, आणि पुढचं पान उघडते.